रिक्त पदावरची जसबीर कौर

सरकारजवळ संशोधनाच्या यंत्रासाठी पैसा असतो, पण ते यंत्र चालवणाऱ्या माणसासाठी का नसतो, या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे. प्रश्न माझा नाही. चंडीगडच्या एका जैवतंत्रज्ञान संस्थेत मी प्रशासन अधिकारी असताना जसबीर कौर नावाच्या आमच्या तंत्र-सहायिकेने तो मला विचारला होता. तेव्हा मी "पाहतो" एवढेच म्हणालो. प्रशासनात "पाहतो" हे परिपूर्ण वाक्य समजले जाते.

सरकारी सेवेत येण्यापूर्वी मी मिरजेच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. आधी व्याख्या, मग उदाहरण, ही सवय अजून सुटलेली नाही. वाचकांनी दोन व्याख्या सहन कराव्यात.

पहिली व्याख्या पदाची. बाहेरच्या माणसाला वाटते की कार्यालयात माणसे असतात. वास्तविक कार्यालयात पदे असतात आणि माणसे त्यांवर काही काळ बसतात. पद निर्माण होते, मंजूर होते, रिक्त होते आणि फार काळ रिक्त राहिले तर व्यपगत होते, म्हणजे मरते. त्यामागचा तर्क सरळ आहे: इतके दिवस कोणी नव्हते आणि तरी काम अडले नाही, याचा अर्थ कोणाची गरजच नव्हती.

दुसरी व्याख्या खर्चाची. आमच्या संस्थेचा पैसा दोन खिशांत येई, एक यंत्रांचा आणि दुसरा पगारांचा. एका खिशातला रुपया दुसऱ्यात घालणे हा गंभीर गुन्हा. यंत्रांचा खिसा मार्चअखेर रिकामा केला, तर पुढच्या वर्षी तो अधिक भरून येई, कारण खर्च करण्याची क्षमता सिद्ध झालेली असे. पगारांचा खिसा मात्र दिल्लीला कधीच आवडला नाही. यंत्र घेतले की फीत कापता येते, मंत्रिमहोदयांचे छायाचित्र निघते आणि ते यंत्र पुढे रजा मागत नाही. माणूस नेमला तर तो तीस वर्षे पगार घेतो, मध्येच आजारी पडतो आणि शेवटी निवृत्तिवेतन मागतो. नेमणुकीची फीत कापल्याचे मी ऐकलेले नाही.

आता उदाहरण.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. देशात जैवतंत्रज्ञानाचा उत्साह नवा होता आणि पंजाबात दहशतवाद जुना होत चालला होता. उत्साहामुळे आम्हाला यंत्रे मिळत आणि दहशतवादामुळे माणसे मिळत नसत. मद्रास, कलकत्ता, पुणे इथे निवड झालेले तरुण शास्त्रज्ञ नेमणूकपत्रावरचे "चंडीगड" वाचून आजारी पडत. सोलापूरच्या एका वडिलांनी तर मलाच पत्र लिहिले, की मुलगा एकुलता एक आहे, आपल्या संस्थेस शुभेच्छा.

अशा काळात जर्मनीहून एक फर्मेंटर आला. फर्मेंटर म्हणजे पोलादाचे एक बंद भांडे. त्यात सूक्ष्मजीव वाढवायचे आणि त्यांच्याकडून आपल्याला हवा तो पदार्थ तयार करून घ्यायचा. आम्हाला हवे होते ते चीज करताना दूध फाडणारे विकर. आतली उष्णता, हवा आणि आंबटपणा यांतले एक जरी बिघडले, तरी आतली सृष्टी नासते आणि सगळ्या मजल्यावर वास सुटतो. थोडक्यात, गृहिणीला विरजणाविषयी जे ठाऊक असते, तेच इथे घड्याळे आणि नळ्या लावून करायचे. घरातही विरजण लावून सगळी माणसे गावाला जात नाहीत. फर्मेंटरपाशी जाणता माणूस हवाच.

त्यासाठी तंत्र-सहायकाचे एक पद मंजूर झाले होते. त्यावर कोणी येईना, म्हणून संचालक डॉ. सेठी यांनी जसबीरला तात्पुरते घेतले. ती लुधियान्याची एम.एस्सी., वडील निवृत्त सुभेदार, घर मोरिंड्याला. रोज बसने यायची. जीभ तिखट आणि काम चोख. हे दोन्ही गुण एकत्र असले की तात्पुरत्या माणसाला तात्पुरतेच ठेवण्याकडे वरिष्ठांचा कल असतो.

तात्पुरती नेमणूक तीन महिन्यांना एक दिवस कमी इतकी असे. मग एक दिवसाचा खंड. त्या दिवशी तिने आवारात पाऊल ठेवायचे नाही. दुसऱ्या दिवशी नवी नेमणूक. सलग सेवा झाली, तर ती कायम नोकरीचा हक्क सांगेल, म्हणून ही खबरदारी. पहिल्या खंडाच्या आदल्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली.

"सर जी, कल मैं नहीं हूँ. मशीन कौन देखेगा?"

"किसने कहा कल तुम नहीं हो?"

"आपने. नीचे आपके दस्तखत हैं."

यावर डॉ. सेठींनी शास्त्रीय तोडगा काढला. खंड येण्याआधी भांडे रिकामे करायचे आणि ती परतल्यावर नव्याने लावायचे. अशा रीतीने सूक्ष्मजीवांनाही सेवाखंड लागू झाला. वार्षिक अहवालात आम्ही लिहिले, की उत्पादनचक्राचा कालावधी प्रयोगांती निश्चित करण्यात आला आहे. एका पाहुण्या शास्त्रज्ञाने या कालावधीमागचे जीवशास्त्र काय, असे विचारले, तेव्हा डॉ. सेठींनी माझ्याकडे पाहिले. मी नियम क्रमांक सांगितला.

पद कायमचे भरायचे, तर मुलाखत हवी. मुलाखतीला समिती हवी. समितीत मंत्रालयाने मान्य केलेला बाहेरचा तज्ज्ञ हवा. हे मान्यवर देशभर विखुरलेले होते आणि चंडीगडला यायला एकही तयार नव्हता. तारीख ठरे, उमेदवारांना पत्रे जात आणि आदल्या दिवशी तार येई: प्रकृती अस्वस्थ, परीक्षांचे काम, मुलीचे लग्न. एका प्राध्यापकांनी एकाच मुलीचे लग्न दोनदा लावले. पहिली तार त्यांच्या स्मरणात राहिली नसावी.

इकडे जसबीर तिशीच्या जवळ येत होती आणि तिशी ही त्या पदाची वयोमर्यादा होती. संस्थेत आधीपासून सेवेत असलेल्यांना वयाची सूट असे, पण सेवा सलग हवी. तिची सेवा दर तिमाहीला आम्हीच कापत होतो. म्हणजे ती वर्षानुवर्षे आमच्याकडे होती आणि नियमाच्या नजरेला एकदाही दिसली नव्हती. वाढदिवसाआधी मुलाखत झाली नाही, तर तिला पुन्हा संधी नव्हती. हे तिला माहीत होते, मला माहीत होते, डॉ. सेठींनाही माहीत होते. तज्ज्ञ तेवढे सावकाश होते.

तज्ज्ञांची भीती खोटी होती, असे मी म्हणणार नाही. एकदा जसबीर दुपार झाली तरी आली नाही. आली, तेव्हा ओढणी धुळीने भरलेली होती आणि बराचसा रस्ता ती पायी आली होती. तिच्या पुढे गेलेल्या बसला अतिरेक्यांनी अडवून लोकांना खाली उतरवले होते. तिने हात धुतले, भांड्याची उष्णता पाहिली आणि मग चहा मागितला.

"रोज उसी बस में बैठती हूँ," ती म्हणाली. "आज माँ ने पराँठे के लिए रोक लिया."

त्याच दिवशीच्या टपालात पुढच्या तज्ज्ञाची तार होती: वातावरण निवळेपर्यंत मुलाखत पुढे ढकलावी. भीती खरी होती. तिची वाटणी मात्र हुद्द्यानुसार झाली होती. जो जितका वरचा, त्याला ती तितक्या दुरून वाटू शकत होती.

सुरक्षेसाठी मात्र मंत्रालयाने हात आखडता घेतला नाही. फाटकावर वाळूच्या गोण्या रचल्या गेल्या आणि बंदूकधारी पहारेकरी आले. त्यांची मंजुरी एका दूरध्वनीवर मिळाली. लवकरच संस्थेत शास्त्रज्ञांपेक्षा पहारेकरी अधिक झाले. संशोधन पळवून नेण्याजोगे होईल तेव्हा होईल, बंदोबस्त आधीच तयार होता.

मग दिल्लीहून उपसचिव पाहणीला आले. मागेपुढे जीपगाड्या होत्या. ते फर्मेंटरसमोर थांबले. शेजारी पांढऱ्या कोटात जसबीर नोंदी घेत उभी होती.

"चल रहा है?" त्यांनी विचारले.

"एकदम बढ़िया, सर," डॉ. सेठी म्हणाले. "और ऑपरेटर की पोस्ट अब तक भरी भी नहीं है. बिना पोस्ट के चला रहे हैं."

हे वाक्य ते अभिमानाने बोलले. काटकसरीची पावती मिळावी, एवढाच त्यांचा हेतू होता.

"शाबाश," उपसचिव म्हणाले. मग जसबीरकडे पाहून, "और ये?"

"ये टेम्पररी हैं, सर."

उपसचिवांनी मान हलवली आणि ते पुढच्या यंत्राकडे गेले. त्यांच्यापुरता तो खुलासा पूर्ण होता. जसबीरने लेखणी कानावर खोचली आणि मला हळूच म्हणाली, "सर जी, मैं हूँ कि नहीं, आज पूछ ही लेते."

मुलाखतीची अडचण सुटली ती एका अनपेक्षित ठिकाणी. हवाई दलातले स्क्वाड्रन लीडर माने आमचे स्नेही. मूळचे कोल्हापूरकडचे. त्यांच्या क्वार्टरवर आम्ही मराठी मंडळी रविवारी जमत असू. एकदा मी त्यांना तज्ज्ञांच्या तारांचे पुराण सांगितले.

"सबनीस, मला एक सांगा," माने म्हणाले, "तुमचा तज्ज्ञ विमानातनं उतरायला घाबरतोय, का विमानतळाबाहेर पडायला?"

"बाहेर पडायला."

"मग बाहेर काढताय कशाला त्याला? आतच घ्या की मुलाखत."

एवढ्यात त्यांची मुलगी दारात आली. "पापा, आई बुला रही है."

"मराठीत सांग."

"वही तो बोला. आई."

माने उठून गेले आणि मी तिथेच बसून हिशेब मांडला. दिल्लीहून सकाळी येणारे विमान पुढे जम्मूला जाई आणि दुपारी परत येऊन दिल्लीला निघे. मधला वेळ मुलाखतीला पुरेसा होता. विमानतळ हवाई दलाचा, पहारा पक्का, आणि प्रवाशांसाठी जी छोटी इमारत होती, तिच्यात पाहुण्यांची एक खोली. "मुलाखतीचे स्थळ" या रकान्यात संस्थेचाच पत्ता लिहावा, असे कोणत्याही नियमात नव्हते. मी नियमपुस्तक दोनदा वाचले. मान्यांनी तिथल्या अधिकाऱ्यांशी बोलून खोलीची परवानगी मिळवून दिली आणि दक्षिणेतल्या एका विद्यापीठाचे तज्ज्ञ, बाहेर पडावे लागणार नाही या लेखी आश्वासनावर, तयार झाले.

जसबीरच्या वाढदिवसाला तेव्हा थोडेच आठवडे उरले होते.

मुलाखतीच्या दिवशी तिची झडती तीन ठिकाणी झाली. तज्ज्ञांची एकदाही झाली नाही. बाकीचे उमेदवार आलेच नाहीत. खोलीत लांब सोफे होते, त्यामुळे समिती जरा कलून बसली होती आणि उमेदवार ताठ. डॉ. सेठी अध्यक्ष, मी सचिव.

तज्ज्ञांनी विचारले, भांड्यात फेस चढू लागला तर काय कराल?

"पहले हवा कम. फिर तेल की एक-दो बूँद. बिजली गई हो तो पहले जनरेटर वाले को आवाज़, क्योंकि वो कैंटीन में होता है."

आणखी बरेच प्रश्न झाले. तज्ज्ञ जाणकार होते आणि त्यांना ती जाणकार आहे हे कळत होते, दोघेही रंगले. शेवटी त्यांनी ठरावीक प्रश्न विचारला: सध्याच्या परिस्थितीत इथे काम करायची तुमची तयारी आहे का?

जसबीरने एकदा खोलीच्या बंद दाराकडे पाहिले.

"सर, मैं तो परिस्थिति में से ही आती हूँ. रोज़ की बस से. आप कहें तो आपको भी बाहर घुमा लाऊँ, सरसों फूली हुई है."

डॉ. सेठी खोकले. तज्ज्ञ हसले आणि तिला एकमताने निवडले गेले. विमान यायला अजून वेळ होता. तज्ज्ञांनी मला बाजूला घेऊन विचारले, इकडे लोकरीचे कपडे चांगले मिळतात म्हणे. आमची जीप सेक्टर सतराच्या बाजारात जाऊन त्यांच्या पत्नीसाठी दोन शाली घेऊन आली. शालींना कसला धोका नव्हता आणि जीपच्या चालकाला आहे का, हे कोणी विचारले नाही.

निवडीचा अहवाल मी त्याच आठवड्यात दिल्लीला पाठवला. परत आले ते नेमणुकीचे आदेश नव्हते. सदर पद रिक्त असूनही यंत्र उत्तम चालत असल्याचे पाहणीत दिसून आल्यामुळे पदाची आवश्यकता सिद्ध होत नाही. सबब ते व्यपगत समजण्यात यावे.

मी दिल्लीला गेलो. संबंधित अवर सचिव सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला आणि मला वर्गात बसवल्यासारखे समोर बसवले.

"सबनीस साहब, आप ही बताइए. पद रिक्त था?"

"था."

"मशीन चली?"

"चली."

"तो फिर?"

"जसबीर कौर ने चलाई."

"किस पद पर?"

मी गणिताचा शिक्षक. सिद्धतेत चूक शोधण्याचे मला शिक्षण मिळालेले आहे. या सिद्धतेत चूक नव्हती, फक्त त्यातून एक जिवंत बाई वगळलेली होती. मी तसे म्हणून पाहिले. अवर सचिवांनी सहानुभूतीने मान हलवली आणि मैत्रीच्या नात्याने सांगितले, की मशीन दोन-तीन महिने बंद पडले असते, तर पद वाचवता आले असते.

हे मी परत येऊन जसबीरला सांगितले.

"मतलब मुझे ख़राब करनी चाहिए थी?"

"प्रशासकीय दृष्टि से, हाँ."

"और नई मशीन के लिए पैसा है?"

"है. मार्च में आ रही है एक."

तेव्हा तिने तो प्रश्न विचारला, ज्याने हा लेख सुरू झाला आहे, आणि मी "देखता हूँ" म्हणालो. तिचा वाढदिवस पुढच्याच आठवड्यात होता. पुढचा खंड आला, ती घरी गेली आणि परत आली नाही. तिला राजीनामा द्यावा लागला नाही. जी सेवेतच नव्हती, तिने काय सोडायचे? निरोप समारंभही झाला नाही, कारण त्यासाठी कोणीतरी जावे लागते आणि आमच्या कागदांप्रमाणे कोणी गेले नव्हते. मी एकट्याने बसस्थानकापर्यंत जाऊन तिला निरोप दिला. तिने आईने पाठवलेले गाजराचे लोणचे माझ्या हातात ठेवले.

फर्मेंटर महिन्याभरात बंद पडला. तिसऱ्या मजल्यावर नासल्याचा वास इतका भरला, की पहारेकऱ्यांनीही जागा बदलून मागितली. डॉ. सेठींनी यंत्र जुने झाल्याचे कळवले आणि दिल्लीने सहानुभूतीपूर्वक दुसऱ्या यंत्राचा विचार सुरू केला.

चंडीगडजवळचे झिरकपूर तेव्हा एक चौक आणि चार ढाबे एवढेच होते. त्याच्या पुढे एका खासगी दूध उद्योगाने चीजचा नवा कारखाना काढला होता. जसबीर तिथे लागली. मुलाखत, असे तिने नंतर सांगितले, एका चहापुरती झाली आणि तज्ज्ञ म्हणून मालकाची आई हजर होती. दीड-दोन वर्षांनी त्या कारखान्याशी आमच्या संस्थेने करार केला: आमचे यंत्र पुन्हा सुरू करून देणे आणि दर आठवड्याला येऊन देखभाल करणे. देखभालीचा खर्च यंत्राच्या खिशातून होतो. त्याला पद लागत नाही, समिती लागत नाही, वयोमर्यादा लागत नाही.

कारखान्याने देखभालीला जसबीरला पाठवले. दर मंगळवारी ती कारखान्याच्या मोटारीतून उतरू लागली. एका मंगळवारचे आम्ही जे देत असू, ते तिच्या पूर्वीच्या महिन्याभराच्या पगारापेक्षा फारसे कमी नव्हते. डॉ. सेठी स्वतः दारापर्यंत येत आणि तिला "मॅडम" म्हणत. वार्षिक अहवालात हे सारे "उद्योगक्षेत्राशी फलदायी सहकार्य" म्हणून आले आणि त्याच उपसचिवांनी शाबासकीचे पत्र धाडले.

पुढे काळ निवळला. वाळूच्या गोण्या हलल्या, पहारेकऱ्यांची पदे मात्र कायम झाली. माझ्या निवृत्तीच्या आधी एकदाचे तंत्र-सहायकाचे पद नव्याने निर्माण झाले. मंजुरीचा कागद हाती येताच मी जसबीरला कारखान्यात फोन केला. का केला, हे सांगता येणार नाही. नियम मला तोंडपाठ होता.

"बधाई हो, सर जी," ती म्हणाली. "उमर कितनी माँगी है?"

"तीस."

"और जिस मशीन पर बिठाना है, उसकी कितनी हुई?"

मी सांगितले.

"उसको कोई पूछता नहीं न?" ती म्हणाली, आणि मागे कोणीतरी तिला हाक मारत होते म्हणून तिने फोन ठेवला. त्या पदावर पुढे अंबाल्याचा एक तरुण आला. पहिले काही महिने त्याला शिकवण्यासाठी कारखान्याशी वेगळा करार करावा लागला.

तेव्हा, जसबीर, उत्तर असे आहे. सरकारजवळ माणसासाठी पैसा नसतो, हे खरे नाही. माणसाला माणूस न म्हणता देखभाल म्हटले, सुरक्षा म्हटले, सहकार्य म्हटले, तर पैसा असतो आणि वेळेवर मिळतो. तोच माणूस पदावर बसून पगार मागू लागला, की तो भार होतो.

हे उत्तर एका संस्थेच्या, एका यंत्राच्या आणि एका बाईच्या उदाहरणावरून काढलेले आहे. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, असे मीच आठवीच्या वर्गाला शिकवत होतो. म्हणून वाचकांनी आपल्या गावाजवळच्या कोणत्याही सरकारी प्रयोगशाळेत जावे. यंत्र चालवणाऱ्या व्यक्तीला यंत्राची किंमत विचारू नये, ती भिंतीवर लिहिलेली असेल. तिची स्वतःची नेमणूक कोणत्या तारखेपर्यंत आहे, एवढे विचारावे आणि माझे उत्तर बरोबर की चूक, ते स्वतः पडताळून पाहावे, ही विनंती.